हळद, चिंच आणि बाजार

कल्याणच्या व्यापाराविषयी ज्या फार जुन्या बातम्या आपल्यापर्यंत पोचल्या आहेत, त्यांतली एक चक्क धंद्यातल्या दांडगाईची आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा ग्रीक माणसाने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती अभ्यासकांना ठाऊक आहे. तिच्यात कल्याणचे नाव ‘कल्लिएना’ असे येते. थोरल्या सारगनस राजाच्या वेळी हे रीतसर व्यापाराचे बंदर होते, पण ते सांदारेसाच्या हाती गेल्यापासून तिथे फार आडकाठी होते. एखादे ग्रीक गलबत तिथे लागलेच, तर त्यावर पहारा बसवून ते भडोचला नेतात, असे तो लिहितो. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या चढाओढीचा हा पुरावा आहे, असे इतिहासकार मानतात. आपल्या भाषेत सांगायचे तर, भडोचची पेठ भरावी म्हणून कल्याणच्या पेठेला टाळे लावायचे!

आता गंमत बघा. त्या जुन्या काळातल्याच कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांचे जे शिलालेख आहेत, त्यांत कल्याणच्या लोकांची नावे भेटतात. व्यापारी आहेत, सोनार आहेत, एक लोहारही आहे. बंदराची नाकेबंदी होवो न होवो, काहीतरी घडवणारी माणसे गावात होती आणि लेण्याला दान देण्याइतके चार पैसे त्यांच्या गाठीला होते.

श्रोतेहो, धंदा म्हटला की आपल्यासमोर पहिल्यांदा स्पर्धा येते. गिऱ्हाईक तेच, माल तोच, फक्त गिऱ्हाइकाने त्याच्या दुकानात न जाता माझ्या दुकानात यावे. ते कसे होणार? एक तर त्याची वाट अडवायची, जशी सांदारेसाने अडवली, किंवा आपला भाव त्याच्यापेक्षा पैशाने उतरवायचा. पण काही माणसांना तिसरेच काही सुचते. ती कोणी करत नाही अशी वस्तू करायला बसतात. ठाणे आणि डोंबिवली या गावांत गेल्या साठ-सत्तर वर्षांत अशी दोन ठळक उदाहरणे घडली. त्यांची हकिगत सांगायची आहे, कारण ती ऐकताना वाटते तितकी गोड नाही.

आधी त्या गावांविषयी थोडेसे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली आगगाडी ठाण्याला पोचली, पुढच्या वर्षी ती कल्याणपर्यंत गेली, आणि या गावांचे नशीब मुंबईच्या शेपटीला बांधले गेले. स्वातंत्र्यानंतर मुंबईत जागा पुरेना तेव्हा कारखाने या रुळांच्या कडेने सरकू लागले. शहाडला रेयॉनचा प्रचंड कारखाना आला. ठाण्यात लोकरीची गिरणी तर १९२५ पासूनच होती, तीच पुढे रेमंड म्हणून देशभर गाजली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, ठाण्याची वागळे इस्टेट उभी राहिली. पाठोपाठ डोंबिवलीची औद्योगिक वसाहत आली.

या वसाहतींतली पुष्कळशी शेड ही जॉबवर्कची. म्हणजे मोठ्या कारखान्याने नकाशा द्यायचा, याने लेथवर नग कातून द्यायचे. आमच्याकडच्या कित्येक हुशार डिप्लोमावाल्यांनी नोकरी सोडून, बायकोचे दागिने गहाण टाकून अशी शेड घेतली. हाताला कसब होते, मायक्रॉनमध्ये काम करणारी माणसे होती ती. पण नकाशा दुसऱ्याचा. त्यामुळे त्यांची सारी लढाई कोटेशनवर. शेजारच्या शेडने नगामागे पाच पैसे कमी लावले की आपण सात कमी लावायचे, आणि दोघांचे गणित पुण्याच्या किंवा गुजरातच्या तिसऱ्याच माणसाने बिघडवायचे. या लोकांच्या कष्टांना नावे ठेवण्याचा माझा मुळीच हेतू नाही. निम्मे डोंबिवली त्यांच्यावर जगले. फक्त एवढेच लक्षात ठेवू, की कसब असणे आणि वस्तू आपली असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

उलट बाजूचाही एक नमुना याच भागाशी जोडलेला आहे. प्रीमिअर कंपनीची पद्मिनी गाडी कुर्ल्याला तयार व्हायची. कित्येक वर्षे तिला स्पर्धा अशी नव्हतीच, कारण सरकारी परवान्यांनी इतरांना दारातच थांबवले होते. गिऱ्हाईक पैसे भरून वर्षानुवर्षे वाट बघत बसे. मग १९८३ साली मारुती रस्त्यावर आली. नव्वदच्या दशकात प्रीमिअरने फ्रान्सच्या प्यूजोबरोबर घरोबा करून आपल्या कल्याण-डोंबिवलीकडच्या कारखान्यात नवी गाडी काढली. तो संसार काही वर्षांतच मोडला. पद्मिनीचे उत्पादनही २००० साली थांबले. स्पर्धा नसणे ही गोष्ट परवान्यातूनही मिळते, आणि नवी वस्तू घडवण्यातूनही मिळते. पहिली सरकारी हुकमाने आली तशी हुकमाने जाते. दुसरी कशी टिकते, हे आता पाहू.

केशव विष्णू पेंढरकर हे मूळ नागपूरकडचे. तिथे त्यांचे छोटे दुकान होते. ते सोडून ते मुंबईला आले, दोन-चार धंदे करून पाहिले आणि १९५२ साली परळला त्यांनी एक कंपनी काढली. वडिलांच्या नावावरून तिचे नाव ठेवले विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी. इंग्रजी आद्याक्षरे एकापुढे एक मांडली की होते ‘विको’. पहिला माल म्हणजे आयुर्वेदिक वनस्पतींची दंतपावडर, वज्रदंती. घरात कुटायची, घरात भरायची आणि मुलांनी घरोघर फिरून विकायची, अशी ती सुरुवात होती, असे कंपनीच्या इतिहासात सांगितले जाते.

आता १९५२ साली दात घासायला काय काय होते? कोलगेट कंपनी १९३७ पासून हिंदुस्थानात होती. माकडछाप काळे दंतमंजन होते, वैद्यांची लाल मंजने होती, आणि ज्याला यातले काही परवडत नव्हते त्याला चुलीतली राख, कोळसा आणि बाभळीची काडी फुकट होती. म्हणजे मैदान काही मोकळे नव्हते. माझ्या मते वज्रदंती ही अर्धी नवी वस्तू होती. औषधी वनस्पती जुन्या, मंजनही जुने. नवे काय, तर ते डब्यात बंद करून, नाव देऊन, शहरी गिऱ्हाइकाला आधुनिक वस्तूसारखे विकणे. पुढे याच वनस्पतींची टूथपेस्ट आली, तेव्हा हे नवेपण थोडे वाढले. पेस्ट म्हणजे पांढरी, फेसाळ, पेपरमिंटच्या चवीची, ही त्या काळची समजूत. ही तपकिरी आणि चवीला चक्क औषधासारखी!

पण खरी उडी त्यानंतरची. केशवरावांचे चिरंजीव गजानन पेंढरकर औषधनिर्माणशास्त्राचे पदवीधर होते. ते धंद्यात आले, आणि १९७५ च्या सुमारास विकोने हळदीचे क्रीम बाजारात आणले.

ही कल्पना त्या वेळी किती विचित्र होती, हे आज समजणे अवघड आहे. तोंडाला लावायचे ते ‘स्नो’. अफगाण स्नो, हिमालय स्नो, नाहीतर पाँड्सचे क्रीम. नावातच बर्फ. रंग पांढराशुभ्र, वास गुलाबाचा. अशा कपाटात पिवळी ट्यूब ठेवायची, तिला हळदीचा आणि चंदनाचा वास, आणि बाईला सांगायचे की हे चेहऱ्याला लाव. आपल्याकडच्या कोणत्याही बाईच्या मनात पहिला प्रश्न काय आला असेल? डाग पडेल!

हळदीच्या डागाची आपल्या घरांना जितकी माहिती आहे तितकी कुठल्या प्रयोगशाळेला नसेल. पांढऱ्या धोतरावर आमटी सांडली आणि त्यावर साबण लावला की तो डाग लालभडक होतो. हळदीतले रंगद्रव्य क्षाराला भेटले की रंग बदलते, म्हणून. याच गुणावर आपले कुंकू उभे आहे. हळदीला चुन्याची नाहीतर टाकणखाराची संगत दिली की ती लाल होते. सोलापूर जिल्ह्यातले केम गाव कुंकवासाठी प्रसिद्ध आहे, आणि कुंकवाचा पिढीजात कारागीर हे रसायनशास्त्र पुस्तक न उघडता जाणतो. तोच डाग धुऊन उन्हात टाकला की फिका पडतो, हेही घरोघरच्या बायकांना माहीत. म्हणजे हळद ही वस्तू अशी, की तिच्याविषयी गिऱ्हाइकाला विक्रेत्यापेक्षा जास्त कळते. लग्नात ती लागते, जखमेवर ती दाबतात, बाळंतिणीला ती देतात, ‘पी हळद आणि हो गोरी’ म्हणून उतावळ्याची थट्टाही तिच्यावरूनच करतात. अशी वस्तू विकायला काढणे म्हणजे सुतारापुढे रंधा मारून दाखवण्यासारखे.

तेव्हा विकोचे विक्रेते सोबत आरसा घेऊन फिरत, असे सांगतात. दुकानदाराला म्हणायचे, तुमच्या तोंडाला लावून बघा. तो लावायचा, आरशात पाहायचा, तोंड पिवळे झालेले नाही याची खात्री झाली की मग दोन ट्यूब ठेवून घ्यायचा. मला ही आरशाची गोष्ट फार बोलकी वाटते. भाव कमी करून माल खपवायचा असता तर आरसा लागला नसता. तिथे फळी पुरते. इथे आधी समजूत घालायला लागत होती. नवी वस्तू करणाऱ्याला स्पर्धक नसतो हे खरे, पण त्याला गिऱ्हाईकही नसते. ते एकेक करून तयार करावे लागते आणि त्या मेहनतीचा खर्च कुठल्याही कोटेशनमध्ये लिहिता येत नाही.

मग जाहिराती आल्या. सिनेमागृहात, रेडिओवर, व्हिडिओ कॅसेटवर. १९८४ साली दूरदर्शनवर ‘ये जो है जिंदगी’ ही विनोदी मालिका सुरू झाली, तिचे प्रायोजक विको होते. ज्यांचे बालपण त्या काळात गेले, त्यांना त्या जाहिरातीची चाल आजही झोपेत म्हणता येईल. ती इथे म्हणून दाखवत नाही. कारखाना डोंबिवलीत आला, पुढे नागपूरला आणि गोव्यातही गेला. डोंबिवलीच्या पेंढरकर महाविद्यालयाला नाव आहे ते याच केशवरावांचे.

इथपर्यंत ऐकून कोणाला वाटेल, की बघा, नवी कल्पना काढली आणि सुखी झाले. तसे नव्हते. १९७५ च्या आसपास क्रीम निघाले, आणि १९७९ सालच्या कायद्याच्या अहवालांत विको आणि दुसऱ्या एका कंपनीमधला दिल्ली उच्च न्यायालयातला खटला छापून आला आहे. त्या कंपनीनेही हळदीचे क्रीम काढले होते, आणि तिची ट्यूब व खोका विकोच्या ट्यूबीसारखा आणि खोक्यासारखा दिसे. न्यायालयाने तसे वेष्टन वापरण्यास मनाई केली. हा खटला वेष्टनांच्या नकलेबद्दल कायदा शिकणाऱ्यांना अजून शिकवला जातो. म्हणजे चार वर्षांच्या आत स्पर्धा दारात हजर! जोवर माल नवा आणि त्याला गिऱ्हाईक नाही, तोवर कोणी फिरकत नाही. आरसा घेऊन तुम्ही वणवण करायची, आणि गिऱ्हाईक तयार झाले की त्याच रंगाचा खोका घेऊन दुसऱ्याने शेजारी उभे राहायचे.

आणि या दुसऱ्याला हळद वापरू नको असे कोण सांगणार? हळद कोणाच्या बापाची नाही. हे पुढे जगाच्या चावडीवरही सिद्ध झाले. जखम भरण्यासाठी हळदीचा उपयोग या गोष्टीवर अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ साली पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने जुने ग्रंथ आणि जुने शोधनिबंध पुढे मांडून ते पेटंट आव्हानित केले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. आपल्याकडे या विजयाचे पेढे वाटले गेले, ते योग्यच. पण त्याचा दुसरा अर्थ कोणी फारसा बोलला नाही. जे ज्ञान सर्वांचे, त्यावर अमेरिकनाला कुंपण घालता येत नाही, तसे डोंबिवलीच्या कारखानदारालाही नाही. त्याच्या हातात उरते काय? ट्यूबचा रंग, नाव, वासाचे मिश्रण आणि लोकांच्या मनात बसलेली चाल. आज कुठल्याही औषधाच्या दुकानात हळदीची किती क्रीम मिळतात ते मोजून पाहा.

आता ठाण्याकडे वळू. तिथली गोष्ट हळदीची नसून चिंचेची आहे.

एके काळी आपले स्वयंपाकघर म्हणजे तांब्या-पितळेचे दालन होते. घागरी, हंडे, पराती, पातेली, न्हाणीघरात तांब्याचा बंब. आंबट पदार्थ कळकू नये म्हणून भांड्यांना आतून कल्हई. गल्लीत भाता घेऊन कल्हईवाला यायचा आणि नवसागराच्या धुराचा वास सगळ्या आळीत पसरायचा. ही भांडी घासायला चुलीची राख, आणि चकाकी आणायला चिंच, लिंबू नाहीतर आमसूल. तांब्यावर हवेने जो काळपट थर चढतो, तो आंबट पदार्थातल्या आम्लाने निघतो, एवढी साधी गोष्ट. मग स्टेनलेस स्टील आले. साठ आणि सत्तरच्या दशकांत बायकांनी पितळेची जुनी भांडी मोडीत देऊन स्टीलचे डबे घेतले. वजन कमी, कल्हई नको, घासायला सोपे. हिशेबी माणसाने तेव्हा काय म्हटले असते? पितळेचे दिवस संपले, आता पैसा घालायचा तर स्टीलच्या भांड्यांच्या पावडरीत. सगळ्या मोठ्या कंपन्या तिथेच गर्दी करून होत्या.

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात ठाण्याचे रवींद्र प्रभुदेसाई यांनी नेमके उलटे केले. तांब्या-पितळेची भांडी उजळणारी पावडर त्यांनी काढली आणि तिला नाव दिले ‘पितांबरी’. पितळेच्या झळाळीला याहून नेमके मराठी नाव सापडणे कठीण.

वरवर पाहता हा वेडेपणा होता. पण घरात काय उरले होते ते पाहा. घागरी गेल्या होत्या, बंब गेला होता. समई, निरांजन, ताम्हन, पळी-पंचपात्र आणि देव मात्र राहिले होते. रोज वापरायची भांडी काळी पडली तरी चालते. देवाची काळी पडून चालत नाही. दसरा, दिवाळी, गणपती आले की ती लखलखीतच हवीत. आणि माझा तर्क असा, की त्याच सुमारास ती उजळण्याचे जुने साधन घरातून नाहीसे झाले होते. ठाण्या-डोंबिवलीच्या ब्लॉकमध्ये गॅस आला, चूल गेली, तशी राखही गेली. अंगणातले चिंचेचे झाड तर बिल्डरनेच पाडले होते! नोकरीवाली बाई ७.४२ ची लोकल पकडून कचेरीत जाणार, ती चिंचेचा कोळ करून ताम्हन कधी घासणार? म्हणजे वस्तू कमी झाल्या, पण त्या राखणे पूर्वीपेक्षा कठीण झाले. ही फट कोणा मोठ्या कंपनीच्या पाहणीत दिसली नसती. पाहणी करणारा माणूस विचारणार, तुमच्याकडे पितळेची भांडी किती? उत्तर येणार, थोडीच. आणि तो पुढच्या घरी जाणार.

पितांबरी महाराष्ट्रात अशी काही रुळली, की ते नाव म्हणजेच ती वस्तू होऊन बसली. दुकानात जाऊन कोणी तांब्या-पितळेची पावडर मागत नाही, पितांबरी मागतात. पुढे त्या कंपनीने अगरबत्ती काढली, गूळ काढला, तेले काढली. गूळ आणि अगरबत्तीच्या बाजारात दहाजण आधीच बसलेले असतात. तिथे नवा असला तरी प्रत्येकाला भाव, कमिशन आणि दुकानातली जागा यांच्यासाठी चारचौघांसारखेच झगडावे लागते. कल्पकतेची सनद एका वस्तूपुरती असते, घराण्याला आंदण मिळत नाही.

आता पुन्हा डोंबिवलीला येतो, कारण विकोची सर्वांत मोठी लढाई मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. ती स्पर्धकाशी नव्हती. ती होती अबकारी खात्याशी, आणि तिचा विषय एकाच वाक्यात मावतो: ही वस्तू आहे तरी काय?

वरवर हा प्रश्न पोरकट वाटतो. पण सरकारला कर लावायचा तर वस्तू कुठल्या तरी रकान्यात बसायला हवी. औषधाचा रकाना वेगळा, प्रसाधनाचा वेगळा. सौंदर्यप्रसाधन म्हणजे चैन, म्हणून त्यावरचा कर औषधापेक्षा कितीतरी जबर. विकोचे म्हणणे, आमची पावडर, पेस्ट आणि क्रीम ही आयुर्वेदिक औषधे आहेत. औषधाचा परवाना घेऊन आम्ही ती बनवतो. खात्याचे म्हणणे, दात सगळेच घासतात आणि क्रीम बाया सुंदर दिसायला लावतात, तेव्हा हे प्रसाधन. गंमत म्हणजे त्या वेळच्या करसूचीत ६८ क्रमांकाचा एक रकाना होता, ‘अन्यत्र कोठेही न नमूद केलेला माल’. आयुर्वेदिक औषधे त्यात येत. हजारो वर्षांचे शास्त्र, आणि सरकारी कागदावर त्याचा पत्ता ‘इतर’!

दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते, हे मान्य करायला हवे. तुम्ही-आम्ही तरी हळदीचे क्रीम औषध म्हणून लावत होतो का? काहीजण मुरुमांसाठी लावत, काही नुसते उजळ दिसण्यासाठी. कंपनीलाही जाहिरातीत दोन्ही हवे होते, नवरीचे रूपही आणि आयुर्वेदाचे बळही. पण क्रीम प्रसाधनाच्या रकान्यात गेले असते तर त्याची किंमत इतकी चढली असती, की ज्या मध्यमवर्गीय घरांनी ते आपले मानले त्यांच्या आवाक्याबाहेर ते गेले असते. आरसा घेऊन जोडलेले गिऱ्हाईक कराच्या एका आकड्याने तुटले असते.

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झालेला हा वाद कचेऱ्या आणि कोर्टे चढत राहिला. मधल्या काळात, १९८५ साली, करसूचीच बदलली, तेव्हा जुना निकाल नव्या रकान्यांना लागू का, हा नवाच वाद. अशा खटल्यांत मुख्यतः दोन गोष्टी पाहतात: घटकद्रव्ये आयुर्वेदाच्या मान्य ग्रंथांत आहेत का, आणि सामान्य माणूस ती वस्तू काय समजून विकत घेतो. या दुसऱ्या कसोटीचा फटका बैद्यनाथला बसला. त्यांच्या लाल दंतमंजनाबाबत १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ते आयुर्वेदिक औषध म्हणता येणार नाही. लोक ते रोज दात घासायलाच वापरतात. आता विचार करा, हा निकाल वाचून डोंबिवलीत काय वाटले असेल. मंजन तेही, मंजन हेही.

डिसेंबर २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विकोच्या बाजूने निकाल दिला. वज्रदंती आणि हळदीचे क्रीम आयुर्वेदिक औषधांच्या रकान्यात राहिले. जवळजवळ पाव शतक लागले. एवढ्या काळात एक पिढी ते क्रीम लावून लग्नाला उभी राहिली आणि तिच्या मुली ते लावू लागल्या. केशवराव हयात नव्हते. गजाननरावांनी मात्र तो निकाल पाहिला. त्यांचे निधन २०१५ साली झाले.

पाच पैसे भाव कमी करणाऱ्या जॉबवर्कवाल्याला असला खटला कधीच लढावा लागत नाही. त्याच्या नगाचा रकाना आधीच ठरलेला असतो, त्याचा दर ठरलेला, त्याचे गिऱ्हाईकही ठरलेले. ज्याने कोणी केली नाही अशी वस्तू केली, त्याला तिचे गिऱ्हाईक घडवावे लागले, तिचा खोका राखावा लागला, आणि शेवटी ती वस्तू म्हणजे काय, हेही न्यायाधीशांपुढे उभे राहून सिद्ध करावे लागले.

२०१७ मध्ये वस्तू आणि सेवा कर आला आणि रकाने पुन्हा नव्याने आखले गेले. टूथपेस्टला एक दर, दंतपावडरीला दुसरा, अशी वाटणी काही वर्षे चालली. मग २२ सप्टेंबर २०२५ पासून टूथपेस्ट, दंतपावडर आणि आयुर्वेदिक औषधे या तिन्हींवर सारखाच ५ टक्के कर झाला. दातांपुरता तो जुना प्रश्न सरकारने न सोडवताच मिटवून टाकला. चेहऱ्याला लावायच्या क्रीमवरचा दर मात्र वरच राहिला आहे.